चांदभाईंचं नाक

जळगावात चांद मिस्त्रीचं गॅरेज कुठे आहे असं विचारलं, तर माणूस आधी रस्ता सांगत नाही. आधी चांदभाईंच्या नाकाची एखादी गोष्ट सांगतो. रस्त्याकडे पाठ करून बसले असताना मागून एक गाडी गेली, तिच्या धुराचा वास घेऊन ते म्हणे म्हणाले होते, "रिंगा गेल्या याच्या. पाळधीपर्यंत बसून जाईल, पुढे ढकलत जाईल." आणि तो गडी खरोखरच पाळधीच्या पुढे घाम पुसत गाडी ढकलताना दिसला. एका वरातीत नवरदेवाची घोडी बिथरली, सगळे घोडीला धरायला धावले, तर चांदभाई जनरेटरजवळ जाऊन धूर हुंगून आले आणि म्हणाले, "घोडी शहाणी आहे. हे आत्ता फुटणार आहे." अशा गोष्टींतल्या निम्म्या खुद्द चांदभाईंनीच सांगितलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या समोरच्या टपरीवाल्या झुलालने. झुलाल चहात दूध हात राखून घालतो, पण गोष्टीत पाणी सढळ हाताने घालतो.

प्रत्यक्षात नाक बघायला गेलं तर अगदीच साधं. बसकं, आणि शेंड्यावर ऑइलचा एक काळा ठिपका. विचार करताना बोटाने नाक चोळायची सवय, त्यामुळे तो ठिपका कायमचा. नमाजाआधी हात-तोंड धुताना तेवढा जायचा, परत गॅरेजात आले की पहिल्याच गाडीला पुन्हा बसायचा.

वय सत्तरीकडे झुकलं तसा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. कप बशीत ठेवताना कप-बशी आपसात बोलायच्या. "हातात पाना आला की थांबतो," असं चांदभाई म्हणायचे.  थोरला मुलगा रेहान फक्त कपाकडे बघायचा. रेहानला गॅरेजच्या जागेत बॅटरीवरच्या स्कूटरींचं दुकान काढायचं होतं.

"अब्बा, त्यात ऑइल नाही, धूर नाही, आवाज नाही."

"मग मिस्त्री कशाला लागतो?"

"तेच तर म्हणतोय मी."

बापलेक घरी हिंदीत बोलत आणि दुकानात मराठीत. हिंदीत अब्बांचा आवाज लगेच चढतो, मराठीत त्याला थोडा वेळ लागतो, हे रेहानने लहानपणीच हेरलेलं होतं. म्हणून हा विषय तो कधी घरी काढत नसे.

अशात एक दिवस हितेंद्र टेम्पोत बुलेट घालून दारात आला.

हितेंद्र म्हणजे मुक्ताईनगरकडच्या वडगावच्या उखर्डूनानांचा नातू. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. उखर्डूनाना हे चांदभाईंचं जुनं, म्हणजे दुकानावर पत्रे चढण्याच्याही आधीचं गिऱ्हाईक. त्यांची राजदूत मोटारसायकल चांदभाईंनी स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त वेळा अंघोळ घालून पुसली असेल. नाना गेले, त्यांच्यामागे राजदूत वर्षभर गोठ्यात बैलांच्या रिकाम्या दावणीला उभी राहिली, आणि मग हितेंद्रच्या वडिलांनी जागा अडते म्हणून ती भंगारवाल्याला देऊन टाकली. हितेंद्र ड्यूटीवरून घरी आला तेव्हा गोठ्यात फक्त तेलाचा डाग उरला होता. त्याची ती रुखरुख म्हणा, नाहीतर तरण्या पोरांना हल्ली जुन्या गाड्यांचा नाद लागतो तो म्हणा, त्याने सोनगीरच्या एका भांडीवाल्याच्या गोदामातून, पितळी हंड्यांच्या थप्पीमागून, पंचाहत्तर सालची ही बुलेट हुडकून काढली होती.

"चांदभाई, हिला उभी करा," तो म्हणाला.

चांदभाईंनी टाकीवरची धूळ पुसली. तिच्याखालून मरून रंग निघाला. एवढ्यावरच काम ठरलं.

पावसाळाभर ते इंजिन गॅरेजात उघडं पडून होतं. सिलिंडरचा बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्हचे गाइड बदलले. रेहान म्हणाला, "अब्बा, मी बसवतो." चांदभाई म्हणाले, "तू मोबाइल बसव." सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं. हात थरथरायचा तेव्हा थांबायचे, हात मांडीखाली दाबून बसायचे, मग पुन्हा पाना घ्यायचे. ज्या दिवशी पहिली किक मारली आणि इंजिनाने पहिल्याच दणक्याला सूर धरला, त्या दिवशी ते टपरीवर चार माणसांत बोलून गेले. माणसाने असं चार माणसांत बोलू नये, पण नाक असलेल्या माणसाला ते कळत नाही.

"या इंजिनातून निळा धूर निघाला ना, तर पाना खाली ठेवीन. दुकान रेहानचं."

झुलालने कपातला चहा ओतता ओतता थांबून विचारलं, "खरंच का चांदभाई?"

"जबान आहे."

रेहान तिथेच उभा होता.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन दुकानाची लांबी-रुंदी मोजताना दिसला.

बुलेट गावी गेली. आणि दसरा व्हायच्या आत धूर सोडत परत आली.

साधासुधा धूर नव्हे. हितेंद्र चौकातून वळला तेव्हा त्याच्या मागचा रिक्षावाला दिसेनासा झाला. झुलालने टपरीतून बाहेर येऊन हाताने धूर बाजूला सारला.

"काय चांदभाई! डास मारानी गाडी उनी का?"

चांदभाई हसले नाहीत. गाडी चालूच ठेवायला सांगून ते सायलेन्सरमागे उकिडवे बसले. एक पांढरं फडकं धुरापुढे धरलं. फडक्यावर बारीक तेलकट शिंतोडे उमटले. धूर निळसर होता. काळा धूर म्हणजे गाडी जास्त खाते, पांढरा म्हणजे पाणी प्यायली, आणि निळा म्हणजे स्वतःचंच रक्त जाळते, हे त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलेलं वाक्य आता त्यांच्याच अंगावर आलं होतं.

मग त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

आणि तिथेच जरा घोळ झाला. वास नाकात गेला आणि चांदभाईंना इंजिन दिसायच्या ऐवजी भलतंच दिसायला लागलं. बाजाराचा दिवस. दुकानापुढे राजदूतांची रांग. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पळणारी ती गाडी, तिने धूर सोडायचाच, तो तिचा हक्कच होता. सकाळी सकाळी रस्त्याच्या कडेने निळं धुकं साचायचं आणि त्यातून एकेक फेटा, एकेक टोपी बाहेर यायची. हँडलला केळीचा घड बांधलेले उखर्डूनाना. मागे तोंडाला पदर लावून नानांची बायको बेबाबाई. "मिस्त्री, हिचं कार्बोरेटर बघा. आणि आधी हे घ्या," म्हणून घड काढून देणारे नाना. तो घड दुकानात टांगून ठेवला की आठवडाभर येणारं-जाणारं एकेक केळ तोडायचं, आणि ऑइलच्या बोटांचे ठसे पिवळ्या सालींवर राहायचे. दुकानात त्या वेळी चार पोरं हाताखाली होती. बायको हुस्नबानो जेवणाचा डबा घेऊन यायची ती डबा ठेवून नाकाला ओढणी लावायची आणि म्हणायची, "या वासाशीच निकाह करायचा होता." हुस्नबानोही गेली त्याला बरीच वर्षं झाली.

"चांदभाई?" हितेंद्र म्हणाला. "काय वाटतं?"

चांदभाईंनी डोळे उघडले. मनाशी म्हणाले, म्हातारा झालास चांद. इंजिनाचा वास घ्यायचा तर तुला आठवणी यायला लागल्या.

"उघडून बघू," ते म्हणाले.

बघितलंच. आधी न उघडता जेवढं बघता येतं तेवढं. थंड गाडी चालू करताना धुराचा एकच गोळा निघतो का, म्हणजे रात्रीतून तेल खाली उतरतं का. ॲक्सिलरेटर पिळल्यावर जास्त निघतो का, म्हणजे रिंगा. पिळून सोडल्यावर निघतो का, म्हणजे व्हॉल्व्हचे गाइड. गाडीने तिन्ही वेळा सारखाच धूर दिला. प्लग काढला तर तो काळा आणि ओला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून किक दाबून बघितली, तर दाब होता तेवढाच. म्हणजे रिंगा शाबूत.

मग इंजिन उतरवलं. टाकी काढली, तिच्यातलं पेट्रोल परातीत ओतून त्यातच सुटे भाग धुतले. धुवून झाल्यावर हाताला बुळबुळ राहिली. पेट्रोलचा हात क्षणात कोरडा होतो, हा राहिला नाही. "आजकालचं पेट्रोल!" म्हणून चांदभाईंनी हात फडक्याला पुसले आणि पुढच्या कामाला लागले. पिस्टन बघितला, बोअर बोटाने चाचपला, रिंगांच्या फटी बघितल्या. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. जसं बांधलं होतं तसंच इंजिन त्यांच्यापुढे पडलेलं होतं. दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. दोष नाही आणि धूर आहे, म्हणजे दोष त्यांना दिसत नाही. म्हणजे काय गेलं, ते त्यांना कपबशीच सांगत होती.

पुन्हा बांधलं, नवं पेट्रोल घातलं. दोन दिवस स्वतः मागे बसून रेहानकडून चालवून घेतली. धूर नाही. एक कण नाही.

गाडी वडगावला गेली आणि पंधरवड्यात पुन्हा धूर ओकत आली.

आता मात्र चौकाला विषय मिळाला. झुलाल मूळचा धुळ्याकडचा, त्याची अहिराणी अशा वेळी जास्तच खुलायची. "जळगावमा धूर नही, गावमा धूर शे. चांदभाई, गाडीले गावनी नजर लागी ऱ्हायनी. निंबू-मिरची बांधी द्या!" कोणी म्हणालं, हेडलाइटखाली बिब्बा बांधा. कोणी म्हणालं, मुक्ताईच्या पायांवर घालून आणा. सगळे हसत होते, पण हसताना चांदभाईंच्या हाताकडे बघत होते. रेहान एवढा चांगला मुलगा, की तो त्या दिवशी टपरीवर आलाच नाही. मात्र दुकानात मागच्या भिंतीला नवी पाटी उलटी टेकवून ठेवलेली होती. पाटी रंगवून आली होती, फक्त कोणी लावा म्हणत नव्हतं.

"एक गोष्ट सांगू का?" हितेंद्र म्हणाला. तो तसा संकोची पोरगा. "मी ऑइल मोजतो रोज. कमी होत नाही."

"काय कमी होत नाही?"

"इंजिनातलं ऑइल. एवढा धूर निघतो, पण झाकणाच्या पट्टीवर खूण जिथल्या तिथे. तुम्ही भरून दिलेलं तेवढंच आहे."

चांदभाईंनी स्वतः झाकण काढून पट्टी पुसून बुडवून बघितली. पोरगा खोटं बोलत नव्हता. तेल जळत होतं आणि कमी होत नव्हतं.

"अक्षय थाळी शे वो!" झुलाल म्हणाला.

चांदभाईंनी बोटाने नाक चोळलं. बराच वेळ चोळलं. मग म्हणाले, "हितेंद्र, तुझी सुट्टी कधी?"

"रविवारी."

"रविवारी मी वडगावला येतो. जिथे धूर होतो तिथेच बघू."

गाडीचा धूर बघायला मिस्त्रीने गावी जावं, असं जळगावात तोवर झालं नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून जाताना चांदभाईंना वाटत होतं की आपण आपल्याच मयतीला चाललोय. भुसावळ गेलं, वरणगाव गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. या रस्त्याने ते तरुणपणी कितीदा गेले होते, कोणाच्या तरी राजदूतच्या मागे, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, शेतात बंद पडलेल्या इंजिनापाशी. तेव्हा गावात मिस्त्री आला की पोरं मागे धावायची. आता पोरांच्या हातात मोबाइल होते आणि चांदभाईंच्या पिशवीत एकच पाना होता. का घेतला होता कोण जाणे. बहुतेक खाली ठेवायला.

बेबाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. वाकल्या होत्या, पण आवाज तोच, राजदूतच्या आवाजाच्याही वरून ऐकू जाणारा.

"या चांदभाऊ! नाना गेले त तुमी घरचा रस्ताच भुलले. सूनबाई, पानी आन. मिस्त्री आले नानाईचे."

नानांचे मिस्त्री. चांदभाईंना बरं वाटलं आणि जीव थोडा जडही झाला. हितेंद्रची बायको मोहिनी पाणी घेऊन आली. मग भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, आणि जेवताना नानांच्या गोष्टी निघाल्या. मुक्ताईच्या यात्रेला नानांनी बेबाबाईंना राजदूतवर बसवून नेलं, वाटेत पुढच्या गाड्यांच्या धुरात काही दिसेना म्हणून कोणाच्या तरी बैलगाडीला जाऊन टेकले, आणि बैल राजदूतला चाटायला लागला. "बैलाले तेलाचा वास आला असीन," बेबाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "गाडी कोपऱ्यावर वळली ना भाऊ, की धूर आधी ओट्यावर यायचा. मंग आवाज. मंग नाना. मी धूर दिसला की तवा टाकायची चुलीवर."

जेवण झाल्यावर हितेंद्र गाडी घेऊन पेट्रोल भरून आला. चांदभाई ओट्याच्या कडेला बसून बघत होते. गाडी कोपऱ्यावर वळली. धूर होता, पण विरळ, रिकाम्या टाकीच्या तळाशी उरलेलं जळत असावं तसा.

"टाकी फुल्ल केली आई," हितेंद्र आजीला आई म्हणायचा. "आता चांदभाईंना घेऊन चक्कर मारतो. हात-पाय धुवून आलोच." आणि तो आत गेला.

बेबाबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक पायरी उतरत गोठ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात बांबूचा नळा. एका टोकाला तिरपा छाटलेला, हाताळून हाताळून काळा-गुळगुळीत झालेला. बैलाचं तोंड वर करून त्याच्या घशात तेल पाजतात तो नळा. चांदभाईंना वाटलं, गोठ्यात बैल आहे की काय. पण गोठा तर रिकामा होता.

बेबाबाई बुलेटजवळ गेल्या. टाकीवरून हात फिरवला. टाकीचं झाकण उघडलं, नळ्यात डब्यातून तेल घेतलं, नळ्याचं तिरपं टोक टाकीत घातलं आणि हळूहळू वर उचललं.

"पी माय, पी," त्या म्हणाल्या. "दमली असशीन."

चांदभाई ओट्यावरून उठले ते कसे उठले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"भाभी! काय करताय?"

"काय करते म्हंजे? तेल पाजते."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

बेबाबाईंनी नळा टाकीतून काढला, पदराला पुसला आणि चांदभाईंकडे अशा नजरेने बघितलं, की हा माणूस एवढा म्हातारा कधी झाला.

"तुमीनच त सांगतलं व्हतं."

आणि मग चांदभाईंना तेही आठवलं. राजदूत नवी होती तेव्हाची गोष्ट. नाना एकदा पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरले आणि भर उन्हात पिस्टन अडकून गाडी रस्त्यात बसली. बेबाबाई मागे. दोघं ट्रकमध्ये गाडी घालून जळगावला आले. नाना कारणं सांगत होते तेव्हा चांदभाईंनी नानांना बाजूला सारलं आणि बेबाबाईंना म्हणाले, "भाभी, हा माणूस विसरणार. तुम्ही लक्ष ठेवा. बैलाला तेल पाजता ना, तसं हिलाही पाजायचं. पोटात पेट्रोल गेलं की मागून लगेच तेल. गाडी कोणती का असेना, विसरायचं नाही." तेव्हा वडगावात येणारी प्रत्येक मोटारसायकल तेल पिणारीच होती. गाडी कोणती का असेना, हे बोलताना चांदभाईंना बुलेट आठवण्याचं कारण नव्हतं.

बेबाबाई विसरल्या नव्हत्या. राजदूत असेपर्यंत नाही, राजदूत गेल्यावरही नाही. नानांनी टंचाईच्या काळात आणून ठेवलेले ऑइलचे डबे गोठ्यातल्या फळीवर रांगेने उभे होतेच. बैल विकले तेव्हा नळा मोकळा झाला होता. नातवाने मोटारसायकल आणली. तिचं पोट भरलं की त्या तेल पाजत होत्या. नातू आत हात-पाय धूत असायचा, त्याला काय माहीत.

चांदभाई ओट्याच्या पायरीवर बसले. परातीतल्या पेट्रोलने धुतलेले हात बुळबुळीत का राहिले होते ते आता कळलं. इंजिनातलं ऑइल कमी का होत नव्हतं तेही कळलं. ऑइल इंजिनातलं जळतच नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता हसता, त्यांना कळलं की सायलेन्सरमागे बसून डोळे मिटले तेव्हा नाकाने पहिल्याच दमात बरोबर सांगितलं होतं. राजदूत, असं. उखर्डूनाना आणि बेबाबाई, असं नावानिशी सांगितलं होतं. त्यांनीच त्याला म्हातारपण समजून गप्प बसवलं.

हितेंद्र टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. "काय झालं?"

"दोष सापडला," चांदभाई म्हणाले. "हा उभा आहे, नळा घेऊन."

हितेंद्रला सांगावं लागलं. राजदूतला तेल पेट्रोलबरोबर पोटात लागतं, बुलेटचं तेल निराळ्या कप्प्यात असतं, तिच्या पेट्रोलमध्ये घातलं तर फक्त धूर होतो. तो आधी हसला, मोहिनी दाराआडून हसली. मग त्याने गोठ्याकडे बघितलं, जिथे तो डाग अजून होता, आणि तो हसायचा थांबला.

"म्हंजे हिले तेल नाई चालत?" बेबाबाईंनी विचारलं.

"पोटात नाही चालत, भाभी."

बेबाबाईंनी हातातल्या नळ्याकडे बघितलं. बैल गेले, नाना गेले, राजदूत त्यांना न विचारता गेली. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यांनी विचारलं ते अगदी हळू, राजदूतच्या आवाजाखाली बुडून जाईल अशा आवाजात.

"मंग हे मी कोनाले पाजू?"

 चांदभाईंनी नाक चोळलं.

"भाभी," ते म्हणाले, "बैल लांबून चालून आला तर तेल काय नुसतं पोटातच द्यायचे का तुम्ही?"

"नाई बा. खांद्याले चोळायचं. खुराले चोळायचं."

"मग झालं तर. ही पोटातून पिणाऱ्यातली नाही. हिचे खूर चोळायचे." चांदभाई बुलेटच्या मागच्या चाकाशी बसले, चेनवर बोट ठेवलं. "हे बघा. ही साखळी कोरडी पडली की गाडी रडते. फडक्यावर थोडं तेल घ्यायचं आणि इथून तिथवर फिरवायचं. हळू. गाडी बंद असताना."

बेबाबाई वाकून चेन बघायला लागल्या.

"आधीच सांगायचं ना मंग," त्या म्हणाल्या. "नानाईच्या गाडीले साखळी दिसतच नव्हती. पार डब्यात झाकेल व्हती."

चांदभाई जळगावला परतले तेव्हा टपरीवर सगळे वाटच बघत होते. झुलालने न विचारता चहा पुढे केला. चांदभाईंनी कप उचलला, कप-बशी नेहमीसारख्या बोलल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. आपण बेबाबाईंना काय सांगून ठेवलं होतं तेही सांगितलं. नाकाची गोष्ट मात्र शेवटी राखून ठेवली.

"वास पहिल्याच दिवशी आला होता. मीच नाकाचं ऐकलं नाही."

"आते बठ्ठा जिल्ह्यामा सांगस मी," झुलाल म्हणाला. त्याने सांगितलंच. त्याच्या गोष्टीत चांदभाई जळगावातच धूर हुंगतात आणि म्हणतात, "वडगावला एक म्हातारी नळा घेऊन उभी आहे." बेबाबाईंचं नाव त्यात येत नाही, पण बैल येतो, आणि तो बुलेटला चाटतो.

रेहानने दुकान आवरता आवरता विचारलं, "अब्बा, म्हणजे पाना...?"

"पिशवीत आहे."

"आणि पाटी?"

चांदभाईंनी भिंतीला उलट्या टेकवलेल्या पाटीकडे बघितलं. "लाव," ते म्हणाले. "पण अर्ध्या जागेवर. आणि तुझ्या स्कूटरी माझ्या परातीजवळ उभ्या करू नको, त्यांना वास लागेल."

हे सगळं मराठीतच झालं, आणि आवाज चढला नाही.

लग्नसराईत हितेंद्र आणि मोहिनी बुलेटवर जळगावला आले. झुलाल टपरीतून बाहेर येऊन वाट बघत होता. गाडी चौकातून वळली, मागचा रिक्षावाला स्वच्छ दिसत होता. धुराचा मागमूस नव्हता. झुलालला जरा वाईटच वाटलं. चांदभाईंनाही वाटलं. त्यांनी सवयीने श्वास ओढून बघितला, आणि त्यात नुसतं पेट्रोल होतं.

मग गाडी थांबली, मोहिनी खाली उतरली आणि म्हणाली, "चांदभाई, हे बघा आता."

तिच्या नव्या लिंबोणी साडीवर, पदरापासून काठापर्यंत, काळे-तपकिरी ठिपके उडालेले होते. हितेंद्रच्या पांढऱ्या पँटवरही. मागचं चाक, मडगार्ड, नंबरप्लेट सगळं तेलाने न्हालेलं. चेन तर पाघळत होती.

"आई रोज चोळते," हितेंद्र म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. मी निघालो की म्हणते, थांब, अजून एक हात फिरवते. लग्नात आम्ही कसं जायचं?"

चांदभाई खाली बसले. साडीच्या काठावरचा एक ठिपका त्यांनी नखाने खरवडला, नाकाशी नेला. या वेळी डोळे मिटले तरी घाबरले नाहीत. 

"भाभींना थांबवू नका," ते म्हणाले, आणि गॅरेजकडे तोंड करून ओरडले, "रेहान! माळ्यावर चेनकव्हर पडलंय बघ. जुनं. पूर्ण झाकणारं, डब्यासारखं. भाभींनी वरून कितीही चोळलं तरी उडणार नाही."

रेहान माळ्यावर चढला. तिथून धूळ आणि लोखंडाचा आवाज आला. तो ते कव्हर घेऊन खाली आला, उलटसुलट करून बघितलं.

"अब्बा, हे राजदूतचं आहे. बुलेटला बसणार नाही."

"कापू. जोडू." चांदभाईंनी पिशवीतून पाना काढला, आणि हात थांबेपर्यंत तो मांडीवर धरून बसले. "तू नुसतं धर. बसवतो मी."